साडूभाऊ आणि काळधोंडीच्या घळीचं पुस्तक

जी पुस्तकं अजून कोणी लिहिलेलीच नाहीत, त्यांच्या शोधात माझ्या साडूभाऊंनी जितक्या चपला झिजवल्या, तितक्या छापलेल्या पुस्तकांसाठी मी जन्मात झिजवल्या नाहीत. आणि मी तर पोटासाठी पुस्तकांत राहिलेला माणूस. सिल्वासाच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचो आणि शाळेच्या ग्रंथालयाची तीन कपाटं सांभाळायचो. त्यातल्या एका कपाटाची किल्ली माझ्या आधीच्या मास्तरांनी हरवली होती, पण उरलेल्या दोन कपाटांच्या जोरावर मी स्वतःला जाणकार समजत असे. साडूभाऊ नरोलीच्या एका सूत कारखान्यात मेंटेनन्सला होते. त्यांच्या नखांतलं ग्रीस दिवाळीच्या उटण्यानंही निघत नसे. अशा माणसानं पुस्तकांच्या बाबतीत मला मागे टाकावं, हे मला पुष्कळ वर्षं सहन झालं नाही. आता ते नाहीत, त्यामुळे होतंय. हे लिहायलाही वेळ लागतोय. एका रविवारी एक परिच्छेद लिहायचा आणि पुढच्या रविवारी त्यातला अर्धा खोडायचा, असं चाललं आहे.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी, नाशिकच्या. थोरली त्यांना दिलेली, धाकटी मला. मी देवरुखकडचा, ते चोपड्याकडचे. मी आमटीत गूळ घालणारा, ते ठेच्यावर कच्चं तेल ओतून भाकरी खाणारे. इथे कारखाने निघू लागले तेव्हा मीच त्यांना कळवलं होतं, आणि चौऱ्याऐंशी साली त्यांनी सामरवरणीला बिऱ्हाड केलं. सुट्टीच्या दिवशी बाकीचे कामगार कपडे धुवायचे, झोपायचे, गावी पत्रं लिहायचे. साडूभाऊ मिळेल त्या गाडीनं खानवेलच्या पुढे जात आणि कुठल्यातरी डोंगरात शिरत. पहिल्याच हिवाळ्यात ते एका दुपारी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"मास्तर, घळ सापडली," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "काळधोंडीची. ओढ्यानं डोंगर असा कापलाय, सुरीनं कापावा तसा. वरून आत शिरायचं, खाली नदीवर निघायचं. मधे सगळं दोराचं काम. चला तुम्ही."

"मी?"

"मंग कोण? एकट्यानं उतरायचं नसतं भो."

हा त्यांच्या कारखान्याचा नियम होता. मशीनच्या पोटात शिरून काम करायचं असलं की बाहेर स्विचवर पाटी लावायची आणि तिथे एक माणूस उभा करायचा. आतला माणूस बाहेर येईपर्यंत त्यानं हलायचं नाही, चहालासुद्धा नाही. साडूभाऊंनी हा नियम घरीही लावला होता. ते माळ्यावर चढले की ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, खाली शिडी धरून उभं राहावं लागे, मग चुलीवर काहीही असो. घळीसाठी त्यांना असाच दुसरा माणूस हवा होता, आणि त्यांच्या मते सगळ्या सिल्वासात तो एकच होता.

"तुम्ही कंटाळत नाही मास्तर," ते म्हणाले. "एका पानावर तासभर बसता. मी पाहिलंय. असा माणूस दोरावर पाहिजे. आमच्या खात्यातली पोरं दोन मिनिटांत बिडी शोधायला जातील."

ते पान मी तासभर का धरून बसतो, हे मी त्यांना सांगितलं नाही; निम्मा वेळ मी डुलकी घेत असतो. त्या स्तुतीनं मी फुललो, आणि फुललेल्या माणसाला सरळ 'मला भीती वाटते' असं म्हणता येत नाही. म्हणून मी जाणकाराचा आवाज काढला. "साडूभाऊ, यायला माझी ना नाही. पण अनोळखी घळीत वाटेचं पुस्तक हाती असल्याशिवाय उतरणं हा शुद्ध वेडेपणा. असं पुस्तक मिळवा. मिळालं की त्याच रविवारी निघू." असं पुस्तक जगात नाही याची मला खात्री होती. साडूभाऊंनी मात्र मान डोलावली. एखाद्या मशीनला कुठला सुटा भाग लागेल ते मेकॅनिकनं सांगावं आणि यांनी तो आणायला निघावं, तसे ते निघाले.

पुढची अकरा वर्षं ते तो सुटा भाग शोधत होते.

सुरुवात त्यांनी मुंबईच्या फुटपाथपासून केली. कारखान्याच्या बेअरिंगसाठी त्यांना मुंबईला धाडलं की ते जुन्या पुस्तकांच्या ढिगांपुढे उकिडवे बसत आणि विक्रेत्याला विचारत, "घळीत उतरायचं काही आहे का?" एकदा ते नावात 'दरी' असलेली एक जाडजूड कादंबरी घेऊन आले. ती त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, हाती पेन्सिल घेऊन वाचली आणि मला परत आणून दिली. "दोनशे पानं झाली तरी कोणी कुठं उतरत नाही मास्तर. शेवटी दरी निघाली ती बाईच्या मनात." ती कादंबरी मला फार आवडली होती.

मग मुंबई-पुण्याच्या डोंगरी मंडळांच्या सायक्लोस्टाइल पुस्तिका आल्या. त्यांत किल्ले होते, घाटवाटा होत्या, कुठे कुठे दोर लावून उतरायच्या, कड्यातल्या अरुंद नाळाही होत्या. पण मराठी पुस्तिका जव्हार-मोखाड्याशी थांबायच्या, कारण तिथे महाराष्ट्र संपतो, आणि गुजराती पुस्तिका थेट डांगात सुरू व्हायच्या. मधली आमची घळ कोणाच्याच खात्यात नव्हती. दरम्यान साडूभाऊंनी त्या पुस्तिकांतल्या सोप्या वाटा पाड्यावरचा एक वारली म्हातारा सोबत घेऊन तपासायला सुरुवात केली आणि मंडळांना पोस्टकार्डं धाडली. 'पान सतरावर उजवी नाळ लिहिली आहे. ती डावी आहे. उजवीकडे गेल्यास माणूस अडकतो. मी अडकलो होतो. कळावे.' मंडळाच्या चिटणिसांनी पहिल्या तीन कार्डांना आभाराचं उत्तर दिलं, पुढे सोडून दिलं. छापलेल्या पानावर चुकीचं काही असावं ही गोष्टच साडूभाऊंना सोसत नसे. "चुकीच्या ड्रॉइंगवर मशीन बसवलं तर हात जातो," ते म्हणत. त्या म्हाताऱ्याला मात्र हा सगळा उद्योग कळत नसे. एकदा तो माझ्यासमोरच म्हणाला, "खाली काय हाय? पानी हाय. पानी तं वर पन हाय." इतकं पटणारं वाक्य मी त्या वर्षात दुसरं ऐकलं नाही.

मीच एकदा गमतीनं म्हणालो, आपला प्रदेश केंद्रशासित, तेव्हा या घळीचं पुस्तक केंद्रानंच काढायला हवं. साडूभाऊंनी त्याच आठवड्यात दिल्लीला अर्ज केला. अर्ज दिल्लीतल्या दोन-तीन खात्यांतून फिरला, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मिळवून सिल्वासाला परतला, आणि इथल्या कचेरीतले एक गुजराती कारकून तो हातात घेऊन थेट आमच्या शाळेत आले. "मास्तरसाहेब, दिल्लीथी कागळ आव्यो छे. चोपडीनी वात छे, एटले तमारी पासे लाव्यो. आ घळ एटले शुं?" म्हणजे पुस्तक आहे की नाही हे ठरवणारा सरकारी तज्ज्ञ शेवटी मीच निघालो! मी शाळेच्या छापील कागदावर, वळणदार अक्षरात, 'असे पुस्तक अस्तित्वात नाही' असं लिहून खाली सही ठोकली. तितक्या आनंदानं मी दुसरी कुठलीही सही केलेली नाही. लग्नाच्या नोंदणीचीसुद्धा नाही, असं आमची ही म्हणते.

पण साडूभाऊ खचले नाहीत. कारखान्यात नवी यंत्रं बसवायला इटलीहून एक इंजिनिअर आला होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघांचं छान जमलं. परत गेल्यावर त्यानं एक पुस्तक पाठवलं: त्याच्या गावाकडच्या घळींचं, इटालियनमधलं. मी इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन त्याचा अर्थ लावायला बसलो आणि पाऊण तासानं जाहीर केलं की हे बहुधा पाकशास्त्राचं पुस्तक असावं. साडूभाऊंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि एका आकृतीवर काळं नख टेकवलं.

"हा दोर. हा खुंटा. हे पाणी, हे खोल आहे म्हणून दोन रेघा. हा पाच मीटरचा टप्पा, हा बाराचा. इथनं मागं फिरता येत नाही म्हणून बाण एकीकडंच." मग माझ्याकडे पाहून हळूच, "भाषा कुठलीही असू द्या मास्तर. ड्रॉइंग बरोबर असलं की बास."

"पण हे आपल्या घळीचं नाही ना," मी घाईनं म्हणालो.

"नाही," ते म्हणाले. "पण असं असतं ते, एवढं कळलं." आणि त्यांनी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. मला वाटलं, सुटलो. माझी बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "दाजी, तुम्ही यांची वाट बघू नका हो. हे विहिरीत पोहरा सोडतानासुद्धा डोळे मिटतात." साडूभाऊ हसले नाहीत. "येतील," ते म्हणाले. "मास्तर शब्दाचे पक्के आहेत. पुस्तकाचाच काय तो खोळंबा."

पुस्तक कुठेच मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी ते स्वतःच लिहायला घेतलं.

दोन हिवाळे ते घळीच्या काठाकाठानं हिंडले. आत पाय टाकायचा नाही, कारण दुसरा माणूस नाही. म्हणून कडेला पालथं पडायचं, सुतळीला मोठा नट बांधून खाली सोडायचा, आणि नट टेकला की सुतळी मोजायची. असे त्यांनी नऊ टप्पे मोजले. कुठे पाणी साचतं, कुठे झाड दोराचं वजन घेईल, कुठली कपार दुपारी सावलीत असते, सगळं वरून पाहून वहीत उतरवलं. आकृत्या अशा की पाहणाऱ्याला त्या घळीचं एखादं सुटं मशीन करून बसवता यावं. मग ती वही माझ्याकडे आली, भाषा तपासायला.

ही संधी मी सोडली नाही. चोवीस पानांची ती पुस्तिका तपासायला मी तीन वर्षं घेतली. परीक्षा आल्या, पाहुणे आले, माझी कंबर धरली. आणि मधल्या वेळात मी लाल शाईनं त्यांची वाक्यं सुधारत राहिलो. त्यांनी लिहिलं होतं, 'इथून दोर टाकून खाली.' मी केलं, 'येथून दोराच्या साहाय्याने सावकाश अवतरण करावे.'

"मास्तर," ते म्हणाले, "उतरणारा माणूस एवढं वाचेस्तोवर पडेल ना."

"भाषेला काही डौल नको का?"

"डौल वर ठेवा. प्रस्तावनेत."

शेवटी खोडण्यासारखा एकही शब्द उरला नाही. पुस्तक झालं होतं. पंचाण्णवच्या डिसेंबरात, एका रविवारी पहाटे, साडूभाऊ खांद्यावर दोर घेऊन आमच्या फाटकाशी उभे होते आणि मी आतून पायमोजे शोधत होतो. ते मला तीन वेळा सापडले आणि तीनही वेळा मी ते परत ठेवले. बायकोनं ते माझ्या हातात कोंबले.

पहिला टप्पा पंधरा फुटांचा होता. पंधरा फूट म्हणजे आमच्या शाळेच्या गच्चीहून थोडा जास्त. आधी मला सोडायचं, दोर वरून त्यांच्या हातात. मग ते दुहेरी दोरावरून उतरणार आणि खालून दोर ओढून घेणार. एकदा तो ओढला की परत वर यायची सोय नाही, नऊही टप्पे उतरून नदीवरच निघायचं. हे वाक्य मी स्वतः शुद्ध केलं होतं. लाल शाईत ते फार सुबक दिसत होतं. आता कड्याकडे तोंड करून, एक पाय खाली सोडून, मी त्या वाक्याचा अर्थ प्रथमच समजून घेत होतो. खाली पाणी हिरवट काळं होतं. माझा दुसरा पाय वरच्या खडकाला असा चिकटला की तो माझा आहे असंही वाटेना.

मी तसा किती वेळ होतो? ऊन समोरच्या कड्यावरून उतरून पाण्याला लागलं, एवढं मला आठवतं. त्या सगळ्या वेळात साडूभाऊंनी 'चला' म्हटलं नाही, 'घाबरू नका' म्हटलं नाही. दोर ताणलेला ठेवून ते फक्त उभे होते. खाली पाहिलं असतं तर अकरा वर्षं पुस्तकांतून शोधलेली जागा त्यांना दिसली असती. पण ते माझ्याकडे पाहत होते.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "भाकरी खाऊन घेऊ. ऊन चढू राहिलं."

त्यांनी मला बगलेला धरून वर घेतलं. आम्ही भाकरी खाल्ली. ठेचा मला सोसत नाही म्हणून ताईंनी माझ्यासाठी वेगळी गूळ-तुपाची पोळी दिली होती. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला." ते म्हणाले, "हां, पुढच्या खेपेला." मग त्यांनी दोर गुंडाळला आणि आम्ही गाडीच्या वेळेवर खानवेलला परतलो.

दोन महिन्यांनी शाळेच्या मशीनवर पुस्तिकेच्या चाळीस प्रती काढायच्या ठरल्या. तपासायच्या स्टेन्सिल घेऊन साडूभाऊ शाळेत माझ्याकडेच आले. चोवीस पानांची नऊ झाली होती. शेवटच्या पानावर त्यांच्या हातचं नवं वाक्य होतं: 'पहिल्या कड्यापाशी वाट संपते. यापुढे जाऊ नये.'

मी वर पाहिलं. साडूभाऊ फळ्याकडे पाहत होते.

"आपण गेलो तिथवर वाट," ते म्हणाले. "बरोबर ना मास्तर?"

डावी नाळ उजवी छापली म्हणून पोस्टकार्डं लिहिणारा तो माणूस. मी, ज्यानं त्यांच्या एकेका वेलांटीसाठी महिने घालवले, त्यानं तेवढं एक वाक्य वाचलं, लाल पेन टोपण घालून खिशाला लावलं, आणि म्हणालो, "बरोबर."

नंतर मी दोनदा सुचवलं की एखाद्या मंडळाची तयार माणसं बोलवा, त्यांच्याबरोबर उतरून या. त्यांनी दोन्ही वेळा 'बघू' म्हटलं. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात काविळीचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत ते गेले. घळीत ते कधीच उतरले नाहीत. दिवस झाल्यावर ताईंनी मला त्यांची मूळ वही आणून दिली. "तुमच्या दोघांचंच होतं ते," त्या म्हणाल्या. माझ्या लाल शाईखाली मधल्या काळात त्यांनी पेन्सिलनं बारीक काहीतरी लिहिलेलं दिसत होतं. मी वही कपाटात ठेवली. वाचली नाही.

पुढच्या हिवाळ्यात वापीच्या एका बँकेत नोकरी करणाऱ्या बाई पुस्तिका घेऊन माझं घर शोधत आल्या. वय चाळिशीच्या अलीकडचं, बोलणं चटपटीत, गुडघ्यांवर खरचटल्याच्या खुणा. त्यांच्या गटाला या भागातल्या घळींचं पुस्तक काढायचं होतं, कॉम्प्युटरवर, नीट छापून.

"सर, पुस्तिका फार सुंदर आहे. पण आम्ही वरून पाहिलं, तर पहिल्या कड्यानंतर घळ चांगली पुढे जातेय. मग हे 'वाट संपते' असं का लिहिलंय? दरड वगैरे होती का तेव्हा?"

दरड होती म्हणालो असतो तर त्यांनी ते लिहून घेतलं असतं. मी उठलो, वही काढली आणि उरलेली पंधरा पानं त्यांच्यापुढे ठेवली.

"दरड नव्हती. मी होतो," मी म्हणालो. "ते वाक्य काढून टाका. ते चुकीचं आहे. पुढचं सगळं इथे आहे."

त्या वाचू लागल्या. आकृत्यांवरून बोट फिरवत, मधेच मान हलवत, एखादा आकडा पुटपुटत. साडूभाऊंचं पुस्तक ज्याला खरंच उतरायचं आहे असं माणूस वाचताना मी पहिल्यांदा पाहत होतो. मग त्या थांबल्या.

"सर, हे पेन्सिलचं काय आहे? टप्पा दोन, 'इथं मास्तरांना आधी सोडू नये, पाणी पाहून बिचकतील.' टप्पा चार, 'उजवीकडं कपार. मास्तरांना बसायला जागा. दहा मिनिटं.' टप्पा सात, 'इथं बोलत राहावं.' " त्यांनी पान उलटलं. "प्रत्येक टप्प्याला आहे. हे कधी लिहिलं? कोण हे मास्तर?"

शेवटच्या टप्प्याखाली एक तारीख होती. ती आम्ही परत आलो त्यानंतरच्या महिन्यातली होती.

मी सांगितलं, कोण ते. बाईंनी एकदा माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि सभ्यपणानं नजर वहीकडे वळवली.

"मग छापताना काय करू सर? हा मजकूर काढू?"

तीन वर्षं मी त्या माणसाचे शब्द खोडत आलो होतो. मी चौथ्या टप्प्याची ओळ पुन्हा वाचली. अक्षर त्यांचं नेहमीसारखंच, आकड्यांना ठळक आणि शब्दांना कंजूष.

"नको," मी म्हणालो. "जसं आहे तसं राहू द्या."